गाईड कॅथेटरमधून पेसिंग लीड बसवताना

पेसमेकरच्या साध्या आरव्ही (उजव्या निलयातल्या) लीडच्या, म्हणजे तारेच्या, पोकळीत स्टायलेट (बारीक ताठ तार) घालतात, त्याला बोटांनी बाक देतात आणि त्या बाकावर लीड वळवतात. डाव्या बंडलच्या (डाव्या निलयाकडे विद्युत संदेश नेणाऱ्या धाग्यांच्या) भागातल्या पेसिंगसाठी, म्हणजे एलबीबीएपीसाठी, सुरुवातीपासून वापरात असलेली मेडट्रॉनिकची ३८३० लीड वेगळी आहे. जाडी ४.१ फ्रेंच, म्हणजे जेमतेम १.४ मिलिमीटर. टोकाला १.८ मिलिमीटरचा स्क्रू, तोही कायम बाहेर. आत पोकळीच नाही, त्यामुळे स्टायलेटचा प्रश्नच येत नाही. दिशा, आधार आणि मागचा दाब, हे सगळं तिला कॅथेटरकडून, म्हणजे ती आत नेणाऱ्या नळीकडून, मिळतं. लीड शिरत नाही म्हणून नवशिका ती अधिकाधिक फिरवत राहतो. खरं तर तोपर्यंत कॅथेटरचं तोंड सेप्टमवरून (दोन निलयांमधल्या भिंतीवरून) सरकलेलं असतं.

देशमुख आणि सहकाऱ्यांनी २००० साली हिस बंडलच्या (अलिंदाकडून निलयांकडे संदेश नेणाऱ्या मुख्य धाग्याच्या) कायम पेसिंगचा अनुभव प्रसिद्ध केला आणि २०१७ मध्ये चीनमधल्या हुआंग वेइजिआन यांच्या गटाने सेप्टममध्ये खोल जाऊन डावं बंडल पकडून दाखवलं. आज नवीन शिकणाऱ्याच्या हातात गाईड कॅथेटर पहिल्यांदा येतं ते बहुतेक याच कामासाठी. म्हणून इथे भर एलबीबीएपीवर आहे. कोरोनरी सायनसचा (हृदयाच्या स्वतःच्या मोठ्या शिरेचा) भाग शेवटाकडे, थोडक्यात. हे सगळं अनुभवी ऑपरेटर शेजारी उभा असताना करायचं आहे, हे गृहीत धरलं आहे.

टेबल मांडण्याआधी

पहिलं काम रुग्णाला ड्रेप घालण्याआधीचं: ईसीजीच्या बाराही लीड नीट लावणं. व्ही१ चौथ्या फासळीच्या खालच्या जागेत, उरोस्थीच्या उजव्या कडेला. घाईत ती एक जागा वर लागते आणि पुढे तासभर जी लहर बघून निर्णय घ्यायचे, तीच खोटी दिसत राहते. सेप्टमवर जागा ठरवणं आणि खोली ओळखणं हे बरंचसं व्ही१ आणि व्ही६ वरच चालतं. तेव्हा इथे कंटाळा करू नये. एक्स-रेच्या आड न येणारे पॅच मिळत असतील तर तेच लावावेत.

रुग्णाला आधीपासून एलबीबीबी (डाव्या बंडलचा ब्लॉक) असेल तर बॅकअप पेसिंगची सोय केल्याशिवाय कॅथेटर झडपेपलीकडे नेऊ नये. उजवं बंडल सेप्टमच्या पृष्ठभागालगत धावतं आणि कॅथेटरच्या कडेचा नुसता धक्काही त्याला पुरतो. डावं आधीच बंद, उजवंही गप्प झालं, की पूर्ण हार्ट ब्लॉक. हा धक्का बहुधा तात्पुरता असतो, पण त्या काही मिनिटांत टेम्पररी वायर शोधत बसण्याची वेळ येऊ नये.

टेबलावर लागणारं सामान असं: स्थिर वळणाचं कॅथेटर (३८३० सोबत बहुतेक सी३१५ हिस, बाहेरून ७ फ्रेंच, आतून ५.४ फ्रेंच), त्याचा डायलेटर, ०.०३५ इंची जे टोकाची लांब वायर, ६९ सेंमीची लीड, स्लिटर (शेवटी कॅथेटर चिरायचं पातं), हेपरिन घातलेलं सलाइन, कॉन्ट्रास्ट, १० मिलीच्या दोन सिरिंज आणि क्लिपवाली निर्जंतुक केबल. एक फ्रेंच म्हणजे मिलिमीटरचा तिसरा हिस्सा, हे गणित तोंडपाठ असावं. शीथचा (शिरेत ठेवायच्या बाहेरच्या नळीचा) आकडा सहसा आतल्या मापाचा आणि कॅथेटरचा बाहेरच्या मापाचा असतो. या गोंधळात एकातून दुसरं जात नाही आणि दोष मात्र सामानाला दिला जातो.

कॅथेटर हातात घेऊन त्याची दोन वळणं बघून घ्या. मोठं वळण त्याला अलिंदातून ट्रायकस्पिड झडपेपलीकडे नेतं. टोकाजवळचं छोटं वळण तोंड सेप्टमकडे फिरवतं. शरीराबाहेर हब डावीकडे, म्हणजे घड्याळाच्या उलट फिरवला की तोंड कुठे जातं, हे टेबलावर चारदा करून पाहावं. आत गेल्यावर ते डोळ्यांना सपाट चित्रातच दिसणार असतं.

शिरेपासून झडपेपर्यंत

अ‍ॅक्सिलरी शिरेतून वायर घ्या. पहिल्या फासळीवर सुई टेकवून घेतलेली ही शीर लीडच्या आयुष्याच्या दृष्टीने सबक्लेव्हियनपेक्षा बरी. तिथे कॉलरबोन आणि फासळीच्या कात्रीत लीड चिरडत नाही. लीडची जाडी कमी असली तरी कॅथेटर हाताने सतत फिरवायचं असतं, म्हणून शिरेत आधी छोटं सोलता येणारं शीथ ठेवणं सोयीचं. नाहीतर स्नायू आणि त्वचा कॅथेटरला घट्ट धरतात आणि हबला दिलेला पीळ टोकापर्यंत पोचतच नाही.

वायर उजव्या निलयात, तिच्यावरून डायलेटरसह कॅथेटर. टोक झडपेपलीकडे गेलं की आधी डायलेटर, मग वायर काढायची. त्यानंतरचा क्रम बदलू नये: हबवर अंगठा, हब हृदयाच्या पातळीखाली, रक्त ओढून घेणं, मग फ्लश. गुंगीतल्या, घोरणाऱ्या रुग्णाने खोल श्वास घेतला की छातीत ऋण दाब तयार होतो आणि उघडा हब हवा आत खेचतो. फ्लश करण्यापूर्वी रक्त ओढलं जात नसेल तर टोक भिंतीला लागलेलं आहे. जोर लावून सलाइन ढकलू नका, कॅथेटर थोडं मागे घ्या.

आता लीड आत. टोकाजवळच्या वळणावर ती किंचित अडते, तिथे ढकलण्याऐवजी हलकेच पुढे सरकवा. फ्लोरोवर (चालत्या एक्स-रेवर) फक्त स्क्रू तोंडाबाहेर दिसला पाहिजे. रिंग (लीडचा मागचा पोल) अजून कॅथेटरच्या आतच असते, म्हणून सुरुवातीची सगळी मोजमापं युनिपोलर घ्यायची: टोक ऋण बाजूला, दुसरी क्लिप खिशातल्या उतींना.

जागा ठरवणं

आरएओ (उजवीकडून तिरक्या एक्स-रे कोनात) ३० अंशात हिसचा सिग्नल शोधा. अलिंद, हिस आणि निलय असे तीन सिग्नल एका रेघेत दिसले की त्या जागेचं चित्र साठवून पडद्यावर ठेवा. हिस सापडतच नसेल तर त्यावर अर्धा तास घालवण्यात अर्थ नाही. ट्रायकस्पिडची कडा कॉन्ट्रास्टने दाखवूनही काम भागतं.

हिसपासून हृदयाच्या शिखराच्या (निमुळत्या टोकाच्या) दिशेने एक ते दोन सेंमी पुढे या. आता हबला घड्याळाच्या उलट पीळ द्या, म्हणजे तोंड सेप्टमला भिडेल. या जागेवर पेस केल्यावर व्ही१ मध्ये इंग्रजी डब्ल्यूसारखी लहर यावी, मधली खाच तळाजवळ. ईसीजीची लीड २ लीड ३ पेक्षा उंच, एव्हीआर ऋण आणि एव्हीएल धन. असं चित्र आलं की उंची साधारण बरोबर. लीड ३ जास्त उंच आली तर तुम्ही फार वर आहात, आउटफ्लोच्या, म्हणजे निलयातून रक्त बाहेर जाण्याच्या, वाटेवर. २ आणि ३ दोन्ही खाली गेल्या तर फार खाली.

मग एलएओ (डावीकडून तिरका कोन) ३० ते ४० अंशात बघा. इथे कॅथेटर पडद्यावर उजव्या हाताला, म्हणजे रुग्णाच्या डावीकडे, सेप्टममध्ये काटकोनात घुसायला तयार दिसलं पाहिजे. आरएओ उंची आणि शिखराकडचं अंतर सांगतं, काटकोन सांगत नाही. नवशिके आरएओवर समाधान मानतात आणि लीड सेप्टमला तिरकी घासत जाते: वळवळ खूप, खोली शून्य. शंका असेल तर कॅथेटरमधून २ ते ३ मिली कॉन्ट्रास्ट सोडा. सेप्टमचा उजवा पृष्ठभाग रेघेसारखा उमटतो आणि लीड त्या रेघेशी किती अंशात उभी आहे ते स्पष्ट दिसतं.

स्क्रू आत घालणं

लाकडात स्क्रू पिळताना मागून दाब नसेल तर तो जागीच गरगरतो, तसंच हे. डाव्या हाताने कॅथेटर घट्ट धरा, पीळ कायम, तोंड सेप्टमला टेकलेलं. उजव्या हाताने, हबच्या अगदी जवळ, लीड घड्याळाच्या दिशेने झटपट तीन-चार वेळा फिरवा. हळूहळू फिरवलं तर पीळ लीडच्या लांबीतच मुरतो आणि टोकापर्यंत पोचत नाही. चिकट रक्ताने माखलेल्या हातमोज्यांतून लीड निसटते, म्हणून आधी ती ओल्या गॉजने पुसून घ्या.

तीन-चार फेऱ्यांनंतर थांबा आणि तीन गोष्टी बघा. व्ही१ मधली खाच सरकली का? लीड खोल जाईल तशी ती तळातून लहरीच्या शेवटाकडे जाते आणि अखेर क्यूआर असा उजव्या बंडल ब्लॉकसारखा आकार येतो. इम्पीडन्स (विद्युत अडथळा) काय म्हणतो? सेप्टमच्या मांसात शिरताना तो वाढतो, डाव्या पृष्ठभागाजवळ पोचताना उतरायला लागतो. आणि फ्लोरोवर लीड खरोखर पुढे गेली का?

याच काळात स्क्रूच्या घर्षणाने सुटे ठोके पडतात. ते उपद्रव नसून वाटाड्या आहेत. सुरुवातीचे रुंद, डाव्या बंडल ब्लॉकसारखे. खोलीबरोबर ते अरुंद होतात आणि व्ही१ मध्ये शेवटी आर दाखवू लागतात. असा ठोका दिसला की हात थांबवायचा. मॉनिटरवर डोळा ठेवायला एक जण फक्त याच कामावर हवा. ऑपरेटरने हात, फ्लोरो आणि ईसीजी तिन्ही सांभाळायचं ठरवलं तर नेमका हाच ठोका सुटतो.

लीड फिरवून सोडल्यावर ती उलट दिशेने गिरकी घेत असेल तर पीळ टोकापर्यंत पोचलेला नाही. यामागे कारणं तीन. एक, कॅथेटरचा आधार सुटला: पीळ पुन्हा द्या, तोंड पुन्हा टेकवा. दोन, दिशा तिरकी: एलएओत जाऊन सुधारा. तीन, स्क्रूमध्ये एंडोकार्डियमचा (हृदयाच्या आतल्या अस्तराचा) धागा गुंतला आहे. या तिसऱ्यात कितीही फिरवा, लीड जागची हलत नाही. बाहेर काढा, स्क्रू सलाइनने धुऊन भिंगाखाली बघा, वाकला असेल तर लीड बदला आणि सेप्टमवर काही मिलिमीटर दूर नवी जागा घ्या. त्याच भोकात पुन्हा पुन्हा गेल्याने उती सैल होते. पाचेक जागा करून झाल्या आणि हाती काही नाही, तर खोल सेप्टल पेसिंगवर समाधान मानणं किंवा अनुभवी हाताकडे सोपवणं शहाणपणाचं.

अलिंद मोठं झालेल्या रुग्णात स्थिर वळणाचं कॅथेटर सेप्टमपर्यंत पोचतच नाही, ते अलिंदातच लोंबतं. दोन उपाय आहेत. टोक वळवता येणारं कॅथेटर घ्या, किंवा कोरोनरी सायनसच्या रुंद शीथमधून हेच कॅथेटर आत न्या. बाहेरचं शीथ पाठीचा कणा होतं आणि आतल्याला लागणारा दाब मिळतो. हे करताना दोन्ही शीथची लांबी आधी मोजून घ्या. बाहेरचं लांब निघालं तर आतलं तोंड बाहेरच येणार नाही. कधी बाहेरच्याचा हब थोडा कापावा लागतो.

स्टायलेटवाल्या, बाहेर येणाऱ्या स्क्रूच्या लीडही आता या कामाला वापरतात. त्या जाड असतात, म्हणून कॅथेटरही मोठं लागतं. स्क्रू आधी पूर्ण बाहेर काढा आणि पिनवरच्या साधनाने त्याला तणाव देऊन तो तसाच धरून ठेवा. नाहीतर पूर्ण लीड फिरवताना स्क्रू आतल्या आत मिटतो, बाहेरून काहीच कळत नाही.

पुरे खोल की फार खोल

पोचलो हे कशावरून? व्ही६ मध्ये पेसिंगच्या टाचणीपासून आरच्या शिखरापर्यंतचा वेळ मोजा, कागदाचा वेग सेकंदाला १०० मिमी किंवा त्याहून जास्त ठेवून. मूळचा क्यूआरएस (ईसीजीवरची निलयांची लहर) अरुंद असेल किंवा नुसता उजवा ब्लॉक असेल तर हा वेळ ७५ मिलिसेकंदांहून कमी, आणि एलबीबीबी असेल तर ८० हून कमी, म्हणजे डावं बंडल पकडल्याची जवळजवळ खात्री. व्ही६ आणि व्ही१ च्या शिखरांमधलं अंतर ४४ मिलिसेकंदांहून जास्त हाही तसाच भक्कम पुरावा. मग व्होल्टेज हळूहळू कमी करत जा. एका टप्प्यावर क्यूआरएसचा आकार अचानक बदलला तर बंडल आणि स्नायू यांचे थ्रेशोल्ड (ते पकडायला लागणारं किमान व्होल्टेज) वेगळे आहेत. ही सर्वांत खात्रीची खूण, पण ती प्रत्येकात दिसतेच असं नाही. पेस न करता सिग्नल पाहिला तर क्यूआरएसच्या साधारण १५ ते ३० मिलिसेकंद आधी डाव्या बंडलचा टोकदार सिग्नल दिसू शकतो. मूळचा एलबीबीबी असेल तर तो न दिसणं स्वाभाविक आहे.

खोली फ्लोरोवर मोजायला पट्टी लीडवरच आहे. टोकापासून रिंगपर्यंत सुमारे १ सेंमी. एलएओत कॉन्ट्रास्ट सोडून सेप्टमची रेघ काढली की लीडचा किती भाग आत गेला हे रिंगच्या जागेवरून वाचता येतं.

आता घात कुठे होतो ते. डावीकडचा शेवटचा एक मिलिमीटर सर्वांत मोहात पाडतो. व्ही६ चा वेळ अजून थोडा कमी होईल म्हणून एक फेरी जास्त दिली जाते आणि टोक डाव्या निलयात निघतं. इम्पीडन्स अचानक कोसळतो. युनिपोलर मोजमाप ४५० ओहमच्या खाली गेलं तर टोक रक्तात आहे असंच समजावं. युनिपोलर थ्रेशोल्ड एकदम वाढतो किंवा कॅप्चरच (पेसिंगने ठोका पडणंच) जातं. इजेचा करंट, म्हणजे सिग्नलमध्ये वर उचललेला एसटी, नाहीसा होतो. तो बघायला फिल्टर ०.५ हर्ट्झपर्यंत खाली आणावा लागतो, नाहीतर सपाटच दिसणार. अशा वेळी अर्धी फेरी मागे घेऊन "जमलं" म्हणायचं नाही. त्या बोळात लीड पुढेमागे सरकू शकते, आणि डाव्या बाजूला उघडं टोक म्हणजे गुठळीचा धोका. लीड पूर्ण काढा आणि नवी जागा घ्या. लीड बारीक असल्याने सेप्टममधलं छिद्र सहसा त्रास देत नाही.

थ्रेशोल्ड ०.५ मिलिसेकंदाला १.५ व्होल्टच्या आत आणि आर लहर ५ मिलिव्होल्टहून जास्त, एवढं मिळालं की पुढे जा.

कोरोनरी सायनस असेल तर

सीआरटीच्या (दोन्ही निलयं जुळवून पेस करणाऱ्या उपचाराच्या) लीडसाठी बाहेरचं गाईड बहुधा ९ फ्रेंचचं असतं. सायनसचं तोंड अलिंदाच्या मागच्या-खालच्या बाजूला, सेप्टमलगत. सोपी रीत अशी: गाईड आधी निलयात न्या आणि घड्याळाच्या उलट पीळ देत हळूहळू मागे घ्या. एलएओत ते रुग्णाच्या डाव्या बाजूला, मणक्याकडे झुकून पुढे सरकलं की आत शिरलं. वर किंवा पुढे उडत असेल तर ते आउटफ्लोत आहे. सायनसच्या तोंडावरची थीबेशियन झडप आडवी असली तर वायर किंवा टोक वळवता येणारं कॅथेटर आत नेऊन त्यावरून गाईड सरकवा.

आत गेल्यावर पहिली फुंकर २ मिली कॉन्ट्रास्टची, हलक्या हाताने. टोक भिंतीला भिडलेलं असताना पूर्ण सिरिंज ढकलली तर डिसेक्शन होतं, म्हणजे शिरेची भिंत आतून चिरते. कॉन्ट्रास्ट न वाहता भिंतीत डागासारखा थांबला की तेच समजावं आणि गाईड मागे घ्यावं. मग बलून फुगवून व्हेनोग्राम (शिरांचं चित्र), एलएओ आणि आरएओ अशा दोन कोनांत. बाजूच्या किंवा मागच्या-बाजूच्या फांदीत आतलं बारीक कॅथेटर, त्यातून ०.०१४ इंची वायर आणि तिच्यावरून लीड. शेवटी १० व्होल्टवर पेस करून पोटावर हात ठेवा. फ्रेनिक नर्व्ह (श्वासपटलाची नस) उडत असेल तर आत्ताच पोल बदला किंवा लीड हलवा. टाके घातल्यावर ते कळणं महागात पडतं.

कॅथेटर काढणं, म्हणजे स्लिटिंग

तासाभराचं काम पाच सेकंदांत वाया जातं ते इथे. आधी कॅथेटर लीडवरून मागे, अलिंदात आणा आणि लीडला सैलपणा द्या: अलिंदात हलका बाक, झडपेवर ताण नाही. रुग्णाला खोल श्वास घ्यायला सांगा. श्वासात बाक पूर्ण सरळ होत असेल तर लीड थोडी आणखी द्या. फार दिली तर ती झडपेपाशी गोळा होते. सायनसच्या लीडला हा सैलपणा बेताचाच ठेवावा, जास्तीचा वेढा तिलाच बाहेर ढकलतो. मोजमापं पुन्हा घ्या, आता बायपोलरही.

स्लिटरची खाच लीडवर बसवा, पातं कॅथेटरच्या हबच्या कापायच्या बाजूला लावा. काही कॅथेटरची रक्तरोधक झडप वेगळी असते, ती आधी काढावी लागते. मग स्लिटर आणि लीड धरलेला हात रुग्णाच्या छातीवर टेकवून दगडासारखा स्थिर ठेवा. दुसऱ्या हाताने कॅथेटर सरळ रेषेत, न थांबता मागे ओढा. कॅथेटर पात्याकडे येतं, पातं कॅथेटरकडे जात नाही. नवशिक्याचा स्लिटरचा हात नकळत पुढे सरकतो आणि लीड सोबत ढकलली जाते. मध्येच थांबलं तर कॅथेटरची कड वळते आणि पातं अडकतं. कोन तिरका झाला तर पातं लीडच्या आवरणाला लागू शकतं. फ्लोरो पूर्ण वेळ चालू ठेवा, नजर सेप्टमवरच्या टोकावर, हातांवर नाही. शीथ शिरेच्या बाहेर आलं की तिथे बोटाने लीड लगेच दाबून धरा. रक्ताचा झोत आणि निसटणारी लीड, दोन्ही तिथेच थांबतात.

यानंतर सूचरिंग स्लीव्ह शिरेजवळ सरकवून न विरघळणाऱ्या धाग्याने स्नायूला बांधा. ४.१ फ्रेंचची लीड स्लीव्हमध्ये सैल वाटते म्हणून गाठ आवळण्याचा मोह होतो; धागा नेहमी स्लीव्हच्या खाचांवर, थेट लीडवर कधीच नाही. बांधल्यावर लीड हलकेच ओढून बघा, मग थ्रेशोल्ड, इम्पीडन्स आणि व्ही६ चा वेळ शेवटचा एकदा मोजून कागदावर उतरवा, म्हणजे दुसऱ्या दिवशीच्या तपासणीत तुलनेला आकडे हाताशी राहतील.